अकिरा: ती लाल बाईक सोडून आपल्या हाती काय उरलं?

किरमिजी (धागाकर्ता)

मंडळी, परवा भाचा राहायला आला होता. रात्री दोघं जॉर्डन पीलचा 'नोप' (२०२२) पाहत बसलो. शेवटाकडे नायिका भरधाव मोटरसायकल आडवी घालते आणि घसरत घसरत थांबते. भाचा ताडकन उठून म्हणाला, "मामा, अकिरा!" म्हटलं, वा, कधी पाहिलास? तर म्हणे, पाहिलाच नाही! ती घसरण त्याने कार्टूनांत, गेममध्ये, रील्समध्ये पंचवीस वेळा पाहिली आहे. तिला 'अकिरा स्लाइड' म्हणतात एवढं त्याला ठाऊक. वय वर्षं सोळा.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कात्सुहिरो ओतोमो यांनी स्वतःच्याच मांगावरून (म्हणजे जपानी चित्रकथेवरून) काढलेला हा १२४ मिनिटांचा ॲनिमेशनपट. मांगा डिसेंबर १९८२ पासून 'यंग मॅगझिन'मध्ये येत होती, सिनेमा १६ जुलै १९८८ ला जपानमध्ये लागला. गोष्ट सुरू होते तीही त्याच तारखेला. तोक्यो एका स्फोटात बेचिराख होतं. ३१ वर्षांनी, २०१९ मध्ये, उपसागरावर निओ-तोक्यो उभं आहे. रात्री बाईक उडवणारी पोरं, रस्त्यावर दंगली, लष्कराने प्रयोगासाठी धरून ठेवलेली लहान मुलं. आणि या सगळ्यात सापडलेले दोन मित्र, कानेदा आणि तेत्सुओ.

माझं म्हणणं असं की जगाने या सिनेमातलं एक दृश्य उचललं आणि बाकीचा सिनेमा तिथेच टाकून दिला. बॅटमॅनच्या कार्टूनमध्ये ती घसरण आहे, 'रेडी प्लेअर वन'मध्ये तर अख्खी बाईकच आहे. याला प्रभाव म्हणायचं का? तुम्हाला काय वाटतं? तुम्ही कधी, कुठे पाहिलात आणि तुमच्यात काय उरलं, तेही लिहा.

भटकभवानी

शीर्षक वाचून दिग्दर्शक अकिरा कुरोसावांवर धागा आहे समजून चहा घेऊन आले. आता आलेच आहे तर बसते. :)

गंधक

किरमिजी, नेमका विषय काढलात.

मी २००६ मध्ये इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिला. लॅनवर कुणीतरी टाकला होता, सबटायटल्स चार सेकंद उशिरा यायची. एका खोलीत अकरा जण, पंखा बंद पडलेला. त्याआधी जपानी कार्टून म्हणजे आमच्यासाठी संध्याकाळी हिंदीत लागणारं डोरेमॉन आणि शिनचॅन. पहिल्या दहा मिनिटांतच खोलीतली बडबड थांबली. रात्रीचं शहर, आणि त्यात बाईकच्या मागच्या दिव्यांची लाल रेघ हवेत लोंबकळत राहते, बाईक पुढे निघून गेली तरी. ती रेघ विझेपर्यंत मी श्वास घेतला नसेन.

गोष्ट त्या दिवशी अर्धीही कळली नाही. पण 'कार्टून पोरांसाठी' हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून कधी निघालं नाही. १९८९ च्या शेवटी अमेरिकेत आणि १९९१ ला इंग्लंडात तो पोचला तेव्हा तिथल्या पोरांचं हेच झालं असणार. माझ्या मते खरा प्रभाव हा. दार उघडलं गेलं. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ ला, 'डीमन स्लेअर' या जपानी ॲनिमेशनपटासाठी आपल्याकडे पहाटेचे खेळ लावावे लागले. त्या रांगेतल्या कितीजणांनी अकिरा पाहिला असेल कोण जाणे, पण ती रांग लागली त्यात त्याचा वाटा आहे.

अण्णू

दार उघडलं मान्य. पण सिनेमा म्हणून? मी तीनदा पाहिला, तिन्ही वेळा तासाभरानंतर धागा सुटला. मंत्रिमंडळाची बैठक, बंडखोर, पंथवाले बाबा, म्हातारी दिसणारी मुलं, सगळ्यांची ओळख करून द्यायची आणि कुणालाच पुरेशी जागा द्यायची नाही. शेवटी तर नुसतं मांस फुगतं. नजर दिपते हे खरं, पण दिपलेल्या नजरेला थोर सिनेमा म्हणायला माझी तयारी नाही.

रातराणी

@अण्णू, धागा सुटतो याला कारण आहे. सिनेमा आला तेव्हा मांगा संपलीच नव्हती, ती १९९० ला संपली. दोन हजारांहून जास्त पानं, सहा जाडजूड खंड. सिनेमात अकिरा म्हणजे स्टेडियमखाली गोठवून ठेवलेल्या बरण्या. (पाहिला नसेल त्यांनी हे वाक्य विसरा!) मांगात तो जिताजागता पोरगा आहे आणि शहर मोडल्यानंतरची अर्धी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. आधी मांगा वाचा, मग सिनेमा पाहा. तुमचं मत बदलेल असं म्हणत नाही, पण घुसमट कमी होईल.

चौकट२४

मी ॲनिमेशन शिकवते, त्यामुळे राहवत नाही. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

दरवर्षी दुसऱ्या सत्रात मी मुलांना ती बाईकची घसरण एकेक चौकट थांबवून कागदावर उतरवायला लावते. बाईक सगळ्यांना जमते. लाल रंग, रुंद चाकं, काचेचा दर्शनी भाग, सगळं सुबक. आणि तरीही चित्रं ओळीने चालवली की बाईक खेळण्यासारखी हलकी वाटते. दोन-तीन दिवस डोकं खाजवल्यावर कुणीतरी एकजण ओरडतं, "मॅडम, पाय!" कानेदाने जमिनीवर रोवलेला पाय, चाकाशी उडणाऱ्या विजेच्या ठिणग्या आणि मागून येणारा धूर. बाईकचं वजन बाईकच्या चित्रात नाहीच, ते या तीन गोष्टींत आहे. नक्कल करणारे बाईक आडवी घालतात आणि धूर विसरतात. म्हणून किरमिजींची चीड मला अगदी जवळून कळते.

आता एक गैरसमज. 'अकिरात सेकंदाला २४ चित्रं आहेत' असं नेटवर जिकडेतिकडे वाचाल. ते अर्धंच खरं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. टीव्हीवरच्या मालिकांत एक चित्र तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. अकिरात बरंचसं काम एक चित्र दोन चौकटी या हिशोबाने आहे आणि जिथे हवं तिथे प्रत्येक चौकटीला नवं चित्र. एकूण सेल (चित्र रंगवायचे पारदर्शक कागद) १,६०,००० हून जास्त. आकडा मोठाच आहे, पण खरी गंमत कुठे चित्रं खर्च करायची हे ओळखण्यात आहे.

दुसरं म्हणजे रात्र. हा सिनेमा बहुतेक रात्री घडतो. हाताने रंगवण्याच्या काळात रात्र म्हणजे डोकेदुखी, कारण अंधार दाखवायला जास्त छटा लागतात, म्हणून लोक निळ्यावर भागवून न्यायचे. इथे ३२७ रंग वापरले, त्यातले ५० खास याच सिनेमासाठी तयार केलेले. इमारतींच्या खिडक्या आणि पाट्या चमकतात त्या सेलखालून प्रकाश सोडून, त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करून. गंधक यांनी श्वास रोखला तो उगाच नाही.

गंधक

_/\_ वाखुसा (वाचनखूण साठवली).

पाटावरवंटा

चौकटताई, दंडवत. एक शंका. यात पात्रांचे ओठ आवाजाशी इतके जुळतात, बाकीच्या ॲनिमेत नुसतं तोंड उघडमीट होतं. असं का?

चौकट२४

@पाटावरवंटा, जपानमध्ये रिवाज असा की आधी चित्र, मग आवाज. त्याला तिकडे आफ्रेको म्हणतात, आपल्या डबिंगसारखंच. ओतोमोंनी उलटं केलं. संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि ते ऐकून ओठ काढले. कानेदा आणि तेत्सुओ एकमेकांच्या नावाने ओरडतात तिथे नीट बघा. जबडा, गाल, मान सगळं त्या ओरडण्यात सामील आहे.

पाटावरवंटा

आणि संगीताचं कुणीच कसं काढलं नाही? माझ्यापुरतं विचाराल तर बाईक विसरलो तरी चालेल, ते संगीत विसरणं शक्य नाही.

'गेइनो यामाशिरोगुमी' नावाचा मेळा आहे. त्यात पोटापाण्यासाठी वाजवणारे नाहीत. डॉक्टर, इंजिनिअर, पत्रकार, विद्यार्थी असे शेकडो लोक. प्रमुख शोजी यामाशिरो, जे त्सुतोमु ओहाशी या नावाने शास्त्रज्ञ म्हणून काम करतात. १९८८ साली भविष्यातल्या शहराची गोष्ट म्हटल्यावर कुणीही सिंथेसायझर लावून मोकळा झाला असता. यांनी बालीची बांबूची वाद्यं आणली, नोह नाटकातलं पठण आणलं. सुरुवातीच्या पाठलागात जो 'रास्सेरा, रास्सेरा' असा घोष आहे, तो उत्तर जपानातल्या आओमोरीच्या नेबुता उत्सवातला. मिरवणुकीतला घोष!

मी लहानपणापासून विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशा वाजवत आलो आहे. पहिल्यांदा ते 'रास्सेरा' ऐकलं आणि हात आपोआप मांडीवर चालायला लागले. जो घोष माणसाला गर्दीत उचलून नेतो, तोच त्या बाईकवाल्या पोरांच्या मागे लावलाय. त्यांची टोळी म्हणजे त्यांची मिरवणूकच.

शेवंती

सगळे भरभरून लिहिताहेत, तर माझं वेगळं मत मांडते. सिनेमा मला आवडतो. पण काओरीचं काय? तेत्सुओची मैत्रीण. रस्त्यावर तिच्यावर हात टाकला जातो, मग ती त्याच्यामागे धावत राहते आणि शेवटी त्याच्याच फुगलेल्या शरीरात चिरडून मरते. तिला स्वतःचं म्हणून एक वाक्य नाही. बंडखोरांतली केई निदान पिस्तूल उचलते, पण पुढे तिच्या तोंडून लष्कराच्या ताब्यातली ती मुलंच बोलतात. इतक्या बारकाईने प्रत्येक खिडकी रंगवणाऱ्या माणसाला काओरी रंगवायला वेळ मिळाला नाही, हे मला दर वेळी टोचतं. नक्कल करणाऱ्यांनी बाईकबरोबर हेही उचललं. नायकाच्या दुःखासाठी मरणाऱ्या मुली पुढे किती आल्या बघा.

रातराणी

शेवंती, +१. मांगात तिला थोडी जास्त जागा आहे, पण शेवट तिथेही दुःखाचाच. केई मात्र मांगात कितीतरी भक्कम आहे. चियोको नावाची एक धिप्पाड बाई आहे, रणगाड्याला न घाबरणारी, ती सिनेमात आलीच नाही. तिच्यासाठी तरी वाच.

अण्णू

शेवंतींशी शंभर टक्के सहमत. आणि प्रभावाचंच म्हणाल तर १९९५ चा 'घोस्ट इन द शेल' कितीतरी पुढे. वाचोव्स्की भगिनींनी निर्मात्याला तो दाखवून 'असं करायचंय' म्हणून सांगितलं आणि त्यातून 'मेट्रिक्स' झाला. अकिराचं इंग्रजी रूपांतर करायला हॉलिवूडने २००२ मध्ये हक्क घेतले, दिग्दर्शकावर दिग्दर्शक बदलले, २०२१ च्या मे महिन्याची तारीखही ठरवली, आणि काही झालं नाही.

दोनडाव

अवांतर: 'किंग ऑफ फायटर्स २००१' या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये के-९९९९ नावाचा खेळाडू होता. उभं राहणं, हाताचं फुगणं, सगळं तेत्सुओ. आवाजसुद्धा तेत्सुओला आवाज देणाऱ्या नोझोमु सासाकींचाच! पुढे कंपनीने त्याला गुपचूप काढून दुसराच आणला. कॉलेजजवळच्या गेम पार्लरमध्ये मी कायम हाच घ्यायचो आणि तो कोण हे मला दहा वर्षांनी कळलं. किरमिजींच्या भाच्याला माझा नमस्कार सांगा.

निशिकासाई

तोक्योहून नमस्कार. पुण्यात जपानी शिकलो, बारा वर्षं इकडेच आहे.

२०१७ पासून शिबुयातलं पार्को हे मोठं दुकानसंकुल पाडून नव्याने बांधत होते. बांधकामाभोवतीच्या पत्र्यांवर अकिराची चित्रं होती. ओतोमोंची मांगातली चित्रं आणि कोसुके कावामुरा यांनी केलेली जुळवाजुळव. भलीमोठी काळी-पांढरी भिंत. तेत्सुओचा चेहरा दोन माणसं उंच. मी रोज कामावरून येताना तिथून चालत यायचो. पत्र्यांमागे क्रेन, पत्र्यांवर कोसळणारं शहर. ते उघडलं नोव्हेंबर २०१९ ला, सिनेमातल्याच वर्षी. पत्रे काढले त्या आठवड्यात मी दोनदा मुद्दाम गेलो.

आणि दुसरी गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडे कदाचित नसेल. सिनेमातल्या शहरात २०२० च्या ऑलिम्पिकची तयारी चालू असते. एक फलक आहे, 'ऑलिम्पिकला १४७ दिवस'. खाली कुणीतरी रंगाने खरडलंय, 'रद्द करा, रद्द!' खरं ऑलिम्पिक २४ जुलै २०२० ला सुरू व्हायचं होतं. १४७ दिवस मागे मोजा. २८ फेब्रुवारी. आदल्याच दिवशी पंतप्रधानांनी देशभरातल्या शाळा बंद ठेवायला सांगितलं होतं. त्या सकाळी लोकलमध्ये माझ्या शेजारच्या मुलाच्या फोनवर तोच फलक, समोरच्या बाईंच्या फोनवरही तोच. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. महिन्याच्या आत ऑलिम्पिक पुढे ढकललं.

अण्णू

निशिकासाई, अंगावर काटा आला हे कबूल. पण योगायोगच ना? भविष्यवाणी वगैरे म्हणू नये.

निशिकासाई

@अण्णू, भविष्यवाणी मीही म्हणत नाही. ते पुढे नाही, मागे बघत होते असं मला वाटतं. ओतोमो १९५४ चे, मियागीतले. १९६४ ला तोक्योत ऑलिम्पिक झालं तेव्हा दहा वर्षांचे. बेचिराख शहर, त्यावर झपाट्याने उभं केलेलं नवं शहर, जगाला दाखवायला स्टेडियम, आणि रस्त्यावर पोलिसांशी भिडणारे विद्यार्थी. हे सगळं त्यांच्या देशात घडून गेलेलं होतं. फक्त २०१९ ची पाटी लावली.

(आणि मंडळी, 'मांगा' म्हणताना त्यातला 'ग' नाकात असतो हो, पण ते राहू द्या.)

भटकभवानी

आम्ही कोकणातले, आमचे सगळेच शब्द नाकात असतात. :D

रातराणी

निशिकासाईंच्या मुद्द्याला धरून. अकिराचा क्रमांक २८ आहे, बाकीच्या मुलांचे २५, २६, २७. हे 'तेत्सुजिन २८' वरून. मित्सुतेरु योकोयामा यांची १९५६ पासूनची मांगा. त्यातला यंत्रमानव दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैन्यासाठी गुप्त शस्त्र म्हणून बनवलेला असतो आणि युद्धानंतर तो कानेदा शोतारो नावाच्या मुलाच्या हातात येतो. ओतोमोंच्या कानेदाचं पूर्ण नावही शोतारोच. म्हणजे लहानपणी वाचलेल्या गोष्टीतलं शस्त्र त्यांनी घेतलं आणि विचारलं, ते यंत्राऐवजी एखादं मूल असतं तर? 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली आकड्याच्या नावाची मुलगी इथूनच आली, मालिका करणाऱ्या डफर बंधूंनी अकिराचं ऋण सांगितलेलं आहे. त्यांनी बाईक नाही उचलली, आकडा उचलला. किरमिजी, तुमच्या प्रश्नाचं हे एक उत्तर धरा.

चौकट२४

अण्णूंनी 'घोस्ट इन द शेल' काढलाच आहे, तर पाठीमागची नामावली नीट वाचा. त्यात पात्रांची रेखाटनं करणारे हिरोयुकी ओकिउरा अकिराच्या टेबलांवर बसलेले तरुण. तोशियुकी इनोउए दोन्हींकडे. कोजी मोरिमोतो अकिरात होते, आणि मेट्रिक्सवाल्यांनी २००३ मध्ये ॲनिमेशनचे लघुपट करवून घेतले त्यातला एक याच मोरिमोतोंनी केला. म्हणजे तुम्ही ज्याला वेगळा प्रवाह म्हणता, तो त्याच विहिरीचा पाट आहे.

मला प्रभाव म्हणजे हेच वाटतं. दृश्य कुणीही उचलतं. हात मात्र शेजारी बसूनच तयार होतो.

आणखी एक नाव घेते. योशिजी किगामी. १९८८ साली 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आणि 'अकिरा', दोन्हींत त्यांची चित्रं आहेत. पुढे ते क्योतो ॲनिमेशनमध्ये गेले आणि तिथे त्यांनी एक पिढी शिकवून काढली. त्या स्टुडिओच्या सिनेमांत कुणी नुसतं खुर्चीवरून उठतं, केस कानामागे सारतं, ते पाहताना थांबायला होतं. त्यात दंगली नाहीत, स्फोट नाहीत. पण वजन कुठे ठेवायचं हे ज्ञान तेच. १८ जुलै २०१९ ला त्या स्टुडिओला आग लावली गेली, त्यात ३६ जण गेले. किगामीही. मी त्या दिवशी वर्गात गेले आणि शिकवू शकले नाही. मुलांना त्यांनी केलेली दृश्यं लावून दिली आणि मागे जाऊन बसले.

गंधक

काय लिहू. पुन्हा पाहायला हवा, या नजरेने.

अण्णू

चौकटताई, विहिरीच्या पाटाचा मुद्दा मान्य. हे मला माहीत नव्हतं. मांगाचा पहिला खंड मागवला आहे.

किरमिजी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण भाचा अजून इथेच आहे आणि काल रात्री त्याच्याबरोबर अकिरा पाहिला. दिवे बंद, आवाज मोठा.

बाईक घसरली तेव्हा तो काहीच बोलला नाही. मीच वळून पाहिलं, तर नुसती मान हलवली. तो पहिल्यांदा सरसावून बसला ते इस्पितळात, भलीमोठी खेळणी तेत्सुओच्या खोलीत येतात आणि त्यांच्यातून दूध गळायला लागतं तिथे. मग शेवटपर्यंत हलला नाही. संपल्यावर पाणी प्यायला, परत आला आणि म्हणाला, "मामा, सुरुवातीला तेत्सुओ कानेदाच्या बाईकवर बसतो ना, आणि कानेदा म्हणतो तुला नाही झेपायची. तिथेच झालं सगळं."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वीस वर्षं झाली पाहतोय. मी शीर्षकात 'बाईक सोडून' लिहिलं. भाचा घरात धाकटा आहे, थोरल्या भावाची सायकल वापरत मोठा झालाय. त्याला बाईक सोडून काही दिसलंच नाही, आणि त्याला सगळं दिसलं.

शेवंती, काओरीबद्दल त्यानेही विचारलं. "तिला कुणीच का नाही वाचवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज सकाळपासून वहीत काहीतरी काढतोय. डोकावून पाहिलं तर एक पाय आहे, जमिनीवर रोवलेला. तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला होता, चौकटताई.

चौकट२४

धूर काढलाय का त्याने?

किरमिजी

अजून नाही. खोडतोय आणि काढतोय.

चौकट२४

खोडू दे. झालं की फोटो टाका.